दोन बोटांची रिकामी जागा

मी एक जुने लाकडी माप आहे. मित्रांनो, माझ्या पोटावर आज एक चिठ्ठी डकवली आहे आणि तिच्यावर लिहिले आहे, "पेन्सिली ठेवण्याचा डबा." ज्याने ती चिठ्ठी लिहिली त्याने मला एकदा हातात घेऊन आत डोकावले असते, तर तळाच्या फटीत अडकलेला मक्याचा कोंडा त्याला दिसला असता. पण त्यासाठी खुर्चीतून उठावे लागते. वस्तुसंग्रहालयातल्या त्या गृहस्थाला ते जमले नाही. मी रागावलेले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला गोड गोष्ट ऐकायची असेल तर पलीकडच्या कपाटात चांदीचा चमचा आहे, त्याला विचारा.

माझा जन्म लुंका गावचा. तिथे नदीकाठी लिसांद्रू व्लादोई नावाच्या माणसाची पाणचक्की होती. पिंपे बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने ओकच्या फळ्या तासून, वाफेवर वाकवून, लोखंडी कड्यात आवळून मला उभे केले. माझ्याबरोबरच त्याने एक सपाट, सरळ लाकडी पट्टी तासली. ती माझी जोडीदारीण. मला काठापर्यंत भरायचे आणि वरून ती पट्टी फिरवून जास्तीचे दाणे खाली पाडायचे, असे आम्हा दोघांचे काम. पट्टी फिरली की माप खरे.

त्या काळी दळणावळ धान्यातच घेत. पोते दळले की त्यातले एक माप गिरणीवाल्याचे. आता मापात लबाडी कशी करतात ते ऐका. भरताना मापाला गुडघ्याने ठोसा द्यायचा, म्हणजे दाणे खाली बसतात आणि दोन मुठी जास्त मावतात. किंवा उंचावरून धार सोडायची, तेही तसेच. आणि सगळ्यात निर्लज्ज म्हणजे पट्टी फिरवायचीच नाही, वर दाण्यांच्या ढिगाची शीग ठेवायची आणि हसत हसत "चालतंय हो" म्हणायचे. आसपासच्या चारही गिरण्यांत हे चाले. लिसांद्रूकडे चालत नसे. तो ओंजळीने भरायचा, मला हलू द्यायचा नाही.

गावात नुकतीच सून म्हणून आलेली स्तांका एकदा दळण घेऊन आली होती. तिची जीभ तेव्हापासूनच धारदार.

"लिसांद्रूदादा, किती हळू भरता. अंडी ठेवताय का आत?"

"तुझ्या लेकरांच्या ताटातलं घेतोय बाई. जरा लाजत लाजत घेतो."

"लेकरं अजून व्हायचीत माझी."

"मग आणखी हळू भरतो."

लिसांद्रूचा मुलगा साबिन पोत्यांवर बसून हे सगळे पाही. पुढे तो शहरात शिकायला गेला, अर्थशास्त्र शिकला आणि कम्युनिस्ट झाला. तेव्हा त्या पक्षावर बंदी होती. अकरा महिने तुरुंगात काढून तो घरी आला तेव्हा अंगावर कपडे लोंबत होते. लिसांद्रूने त्याला राजकारणाचे काही विचारले नाही. चुलीवरची मामालिगा पाटावर उलटी केली, दोऱ्याने कापली आणि मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. मक्याच्या पिठाचा तो पिवळाधमक गोळा साबिनने दोन हातांनी खाल्ला. त्याला भूक म्हणजे काय ते ठाऊक होते. पुढे त्याने जे केले ते त्या तुकड्यापासून सुरू झाले असे मला वाटते. पुस्तकांतून झाले असे म्हणणारे म्हणोत.

दुसरे महायुद्ध संपले, राजा गेला, साबिनचा पक्ष सत्तेवर आला. कारखाने, बँका, गिरण्या, सगळे सरकारचे झाले. लुंकाची पाणचक्कीही. साबिन तेव्हा मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर चढला होता. त्याने स्वतः मागून घेतले, की आमच्या गिरणीचा ताबा घ्यायला मीच जातो.

तो दिवस मी पाहिला आहे. साबिनबरोबर दोन कारकून होते. दगड दोन, पट्टे तीन, चाळण्या चार, असे ते लिहीत होते. लिसांद्रू दारात टोपी हातात धरून उभा होता.

"बाबा, ही आता सगळ्यांची गिरणी," साबिन म्हणाला. "कोणी कोणाला लुबाडणार नाही."

"मी लुबाडत होतो का?"

"तुम्ही नाही. पण बाकीचे..."

"मग माझी घेतलीस ते चांगलंच झालं. चांगल्यापासून सुरुवात केलीस." म्हातारा हसला नाही. त्याने मला आणि पट्टीला उचलले आणि मुलाच्या हातात दिले. "हे तुमच्या यादीत नाही. गिरणी तू घेतलीस. आता माप कोण धरतं तेवढं बघ."

मोटारीत साबिनने मला मांडीवर घेतले आणि राजधानी बुखारेस्टपर्यंत खाली ठेवले नाही.

*

नियोजनाच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, साबिनच्या टेबलावर मी बसले. लोक येत, बघत, हसत. "कॉम्रेड व्लादोई, हे काय खेड्यातलं आणलंत?" साबिनने माझ्यात पेन्सिली ठेवल्या, म्हणजे विचारणारे गप्प बसतील. मित्रांनो, पेन्सिलीचा डबा हे नाव मला तिथूनच चिकटले. काय करणार? गहू-मका मोजलेल्या पोटात लाकडाच्या काड्या घेऊन मी बसून राहिले.

साबिन हुशार होता, यात वाद नाही. वरच्या लोकांतले निम्मे आकड्यांना घाबरत आणि उरलेले आकडे तयार करत. साबिन आकडे मोजत असे. पण पहिली मोठी चूक त्यानेच केली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत केली.

सरकार तेव्हा प्रत्येक घराकडून धान्याचा ठरलेला हिस्सा सक्तीने घेई. पण मक्याची कणसे मळ्यातून येतात आणि हिस्सा मागायचा दाण्यांचा. तेव्हा शंभर किलो कणसांतून दाणे किती निघतात, हे ठरवणारा एक तक्ता हवा होता. तो करायचे काम साबिनकडे आले. एका सरकारी शेतावरून नमुन्याची कणसे टोपलीतून आली. साबिन तेव्हा कामात बुडालेला. टोपली तीन आठवडे खोलीतल्या भट्टीजवळ तशीच पडून राहिली. भट्टी दिवसभर धगधगत असे. मग एका सकाळी त्याने कणसे तोलली, दाणे काढले, दाणे तोलले आणि लिहिले: शेकडा ऐंशी.

त्या कणसांतले पाणी भट्टीने कधीच पिऊन टाकले होते. शेतकऱ्याचे कणीस मात्र ऑक्टोबरात मळ्यातून ओलेचिंब येते. मी टेबलावरच होते. गिरणीतले माप मी, ओला मका आणि वाळलेला मका यांतला फरक मला कळत होता. पण माझ्या तोंडात पेन्सिली कोंबलेल्या होत्या.

तक्ता छापला गेला. देशभर गेला. साबिनची पाठ थोपटली गेली.

फेब्रुवारीत स्तांका आली. आता ती चाळिशीची झाली होती, नवरा लढाईत गेलेला, पदरात चार मुले. डोक्याला रुमाल, खांद्यावर पिशवी, पायांत रबरी बूट. पहारेकऱ्याने तिला अडवले तेव्हा तिने सांगितले, मी साबिनची आत्या. नात्याने ती त्याची कोणी नव्हती. पण लुंकात मोठ्या बायकांना सगळे आत्याच म्हणत, आणि पहारेकरीही कुठल्या तरी खेड्यातलाच होता.

साबिन खुर्चीतून उठला. "स्तांकाआत्या, बसा. चहा मागवतो."

"चहा नको. मला हिशेब समजावून सांग. तू शिकलेला आहेस, मी अडाणी." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "शरदात माझी कणसं तोलली. हजार किलो भरली. तुमच्या माणसाने तक्ता काढला, म्हणाला, आठशे किलो दाणे. त्यातले पाचशे सरकारचे, तीनशे तुझे. बरोबर?"

"बरोबर."

"कणसं वाळली, दाणे काढले. निघाले सहाशे. तुमच्या माणसाने पाचशे नेले. मला उरले किती?"

साबिनने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

"सांग की. पहिलीतलं पोर सांगेल."

"शंभर."

"शंभर. आणि तोंडं पाच. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, दोनशे किलो पाणी होतं ते, वाऱ्यावर गेलं. तो म्हणाला, बाई, तक्ता मोठ्या साहेबांनी केलाय, पाणी तुम्हीच प्यायला असाल." तिने पिशवीचे तोंड सोडले. आत मका होता, तळाशी थोडासा. "हा उरलेला. म्हटलं, मोठ्या साहेबांनाच देऊन येऊ. बापाचं माप अजून आहे ना तुझ्याकडे? का तेही सरकारजमा झालं?"

साबिनने माझ्यातल्या पेन्सिली टेबलावर ओतल्या. त्याने पिशवीतला मका ओंजळीने माझ्यात भरला. हळू, मला न हलवता, बाप भरायचा तसा. माझे पोट अर्धेही भरले नाही. मग त्याची नजर भट्टीकडे गेली आणि भट्टीजवळच्या रिकाम्या टोपलीकडे गेली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"आत्या, चूक माझी आहे," तो म्हणाला.

"मग खोडून टाक. तुझ्याकडे पेन्सिली बऱ्याच दिसतात."

मित्रांनो, ते साल असे होते की अशी चूक खोडणे सोपे नव्हते. सरकारी कागदात चूक झाली म्हणणे म्हणजे कोणीतरी मुद्दाम केली म्हणणे, आणि मुद्दाम करणाऱ्याला तुरुंग ठरलेला. साबिनच्या बायकोने, वेतुरियाने, त्याला सांगून पाहिले. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, कमी बोलायची. "पुढच्या वर्षी गुपचूप नवा तक्ता कर," ती म्हणाली. "नाव कशाला घालतोस स्वतःचं?"

"पुढच्या वर्षापर्यंत स्तांकाआत्याची पोरं काय खातील?"

त्याने तीन ओळींचे पत्र लिहिले. तक्ता चुकीचा आहे. नमुना वाळलेला होता. जबाबदार मी, साबिन व्लादोई. तक्ता बदलला गेला, शेकडा साठ झाला. बऱ्याच घरांना थोडा मका परत मिळाला, सगळ्यांना नाही. आणि साबिनला डॅन्यूबच्या दलदलीकाठच्या सरकारी शेतावर हजेरी मांडायला पाठवले गेले. पाच वर्षे. तुरुंग चुकला, कारण वर कोणाला तरी त्याची दया आली, किंवा त्याची फाईल कोणाकडून तरी हरवली. मला नक्की ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले मी सांगत नाही.

*

त्याने मला आणि पट्टीला बरोबर नेले. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली पाच वर्षे. डास होते, चिखल होता, पेन्सिली नव्हत्या. दर ऑक्टोबरात साबिन ओला मका काठोकाठ माझ्यात भरी, पट्टी फिरवी आणि मला शेडमध्ये ठेवून देई. रोज येऊन बघे. दाणे वाळले की आक्रसतात आणि मापातली पातळी खाली जाते. किती दिवसांत किती बोटे गेली, हे तो वहीत लिही. शेतावरचे मजूर त्याला हसत. "व्लादोईदादा, मका पळून जाईल म्हणून राखण करता का?" तो म्हणे, "पळूनच जातो रे. कुठे जातो ते शोधतोय."

पाच वर्षांत पाच वह्या झाल्या. दिवस फिरले, त्याला परत बोलावले गेले, आणि त्या वह्यांच्या जोरावर तो चढत गेला. जिल्ह्याजिल्ह्यात धान्य वाळवण्याच्या भट्ट्या त्याने बांधवल्या. कणसे वाळल्यावरच तोलायची, हा नियम त्याने भांडून आणला. पुढे तो नियोजनाचा मुख्य झाला, त्याच कचेरीत, त्याच मजल्यावर. परदेशातून माणसे त्याच्या वह्या बघायला आली. कित्येक मंत्री आले आणि गेले, त्यांची नावे त्यांच्या नातवंडांनाही आठवत नसतील. साबिनच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत.

मी त्याला देव म्हणत नाही. गावोगावच्या जमिनी एकत्र करून घेतल्या गेल्या तेव्हा त्या ठरावाच्या बाजूने सभागृहात जे हात वर झाले, त्यात त्याचाही होता. स्तांकाची चार एकर त्याच हाताने गेली. त्या संध्याकाळी घरी येऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि तो हात मांडीखाली दाबून धरला. वेतुरियाने वाढलेले त्याने डाव्या हाताने खाल्ले. हेही मी पाहिले आहे. ज्याचे कौतुक करायचे त्याचे वजनही खरे सांगावे, नाहीतर कौतुक कशाला?

*

आता ज्यासाठी मी बोलायला बसले ते सांगते.

नंतरच्या वर्षांत एक नवे वेड आले. कुठल्या जिल्ह्यात विक्रमी पीक आले याची चढाओढ. विक्रम करणाऱ्याच्या छातीवर पदक, वर्तमानपत्रात फोटो. साबिनचा वाळवून तोलायचा नियम कागदावर राहिला आणि जिल्हे पुन्हा ओली कणसे तोलू लागले, काही तर पाऊस पडून गेल्यावर तोलत. कारण ओले जड असते. आणि त्या जड आकड्यावरून, किती मका जहाजांत भरून बाहेर पाठवायचा ते ठरे.

सगळ्यांत पुढे होता स्तेरियान बुझ्या, एका मैदानी जिल्ह्याचा पक्षप्रमुख. लुंका त्याच्याच जिल्ह्यात. धिप्पाड, हसतमुख, पाठीवर थाप मारून बोलणारा. एके काळी तो साबिनच्याच हाताखाली कारकून होता. म्हणजे खरे कसे तोलायचे हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्या वर्षी नोव्हेंबरात राजधानीत तीन दिवसांची मोठी बैठक भरली. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या पिकाची करंडी सजवून आणायची आणि सभागृहाबाहेरच्या दालनात मांडायची, असा रिवाज होता. बुझ्याच्या करंडीत हाताएवढी कणसे होती, लाल फीत बांधलेली. शेवटच्या दिवशी साबिनने साऱ्या देशाच्या आकड्यावर सही करायची होती. सही झाली की पंधरा जहाजे मका बंदरातून निघणार. साबिनने जिल्ह्यांचे कागद वाचले होते. त्याला दिसत होते की एवढा मका नाहीच, आणि जो कमी पडेल तो गावांच्या कोठारांतून उचलला जाणार. लुंकाच्या कोठारातूनही.

पहिल्या दिवशी सकाळी तो मला काखेत घेऊन आला. बुझ्याने दालनात त्याला गाठले.

"गुरुजी, माप आणलंत? बाजाराला निघालात की काय?"

"तुझा मका बघायला आलोय. चांगला दिसतो."

"दिसतो कसला, आहे. उचलून बघा, मनगट दुखेल."

"उचलतो," साबिन म्हणाला. त्याने लाल फीत सोडली, कणसे घेतली आणि तिथेच बाकावर बसून अंगठ्याने दाणे सोडू लागला. आजूबाजूला मोठमोठे अधिकारी, अंगावर पदके, आणि हा मंत्र्याच्या तोलाचा माणूस मांडीवर वर्तमानपत्र पसरून मका सोलतोय. कोणी हसले, कोणी नजर चुकवली. बुझ्या हसत होता, पण उभा राहायची त्याची जागा दोनदा बदलली.

मी काठोकाठ भरले. साबिनने पट्टी फिरवली, एकदाच, सरळ. मग त्याने मला उचलून दालन तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर ठेवले. बड्या लोकांच्या बैठकीला कोळसा कमी पडत नाही. ते लोखंड असे तापले होते की माझ्या तळाच्या फळ्या करकरू लागल्या.

"गुरुजी, हे काय?" बुझ्याने विचारले.

"काही नाही रे. आहे तिथे राहू दे. तिसऱ्या दिवशी सहीला येईन तेव्हा नेतो."

तीन दिवस मी तिथे बसले. मित्रांनो, माझ्यासमोरून त्या देशाचे सगळे राज्य गेले. जाताना बघत, येताना बघत. पहिल्या दिवशी थट्टा झाली. दुसऱ्या दिवशी काही जण थांबू लागले, काठाशी बोट लावून बघू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या प्रतिनिधीने माझ्यात डोकावले, टोपी काढली आणि पुन्हा घातली. आतून मी होरपळत होते, पण माझे काम चालू होते. तीन दिवसांत मी जेवढे बोलले तेवढे साऱ्या जन्मात बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आकड्यांचा कागद व्यासपीठावर आला. अध्यक्षाने साबिनचे नाव पुकारले. साबिन बाहेर आला, रुमालाने धरून मला उचलले आणि छातीशी घेऊन आत चालू लागला.

त्याने मला अध्यक्षाच्या टेबलावर ठेवले. माझ्या काठांवर पट्टी आडवी टेकवली. पट्टी आणि दाणे यांच्यामध्ये त्याने आपली दोन बोटे घातली. ती सहज मावली.

"परवा हे काठोकाठ होतं," तो म्हणाला. "बुझ्यांच्या जिल्ह्याचा मका. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. कोणी मूठभर काढून घेतला असेल तर सांगा."

त्याने बोटे पट्टीखालीच ठेवली.

"ही दोन बोटं पाण्याची. ती जहाजात चढणार नाहीत. पण कागदावर चढली आहेत. तेव्हा ती कुठून तरी भरावी लागतील."

बुझ्या जागेवरून बोलला, "कॉम्रेड अध्यक्ष, दोन बोटांवरून साऱ्या देशाच्या कष्टांचा अपमान चाललाय."

"स्तेरियान," साबिन वळून म्हणाला, "शेडमध्ये मका कसा वाळतो ते मी तुला शिकवलं होतं. विसरला असशील तर माझी शिकवण कच्ची होती. विसरला नसशील तर खाली बस."

बुझ्या खाली बसला.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाला, "व्लादोई, हे नाटक पुरे. सही कर. नंतर बघू."

"नंतर मी एकदा बघितलंय. तेवीस वर्षांपूर्वी भट्टीजवळचा मका तोलून मी तक्ता केला होता. एका बाईच्या घरी पाच तोंडांना शंभर किलो उरलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तेव्हाची चूक होती, आता केली तर ती चोरी होईल."

त्याने पट्टी उचलून अध्यक्षापुढच्या कागदावर ठेवली.

"ही फिरवा, मग आकडा लिहा. त्यावर मी सही करीन."

कोणीही पट्टीला हात लावला नाही. मग साबिनने मला उचलले आणि दाराबाहेर चालू लागला. माझ्यातला मका त्याने दालनातल्या बुझ्याच्या करंडीत परत ओतला, दाणान् दाणा. पट्टी मात्र त्या टेबलावरच राहिली. ती मला पुन्हा दिसली नाही.

*

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बुझ्याचा फोटो आला, पदकासकट. आकडा जुनाच छापला होता. साबिनची प्रकृती बरी नसल्याने ते पदावरून मोकळे झाले, असे आतल्या पानावर चार शब्द होते. त्याची प्रकृती घोड्यासारखी होती.

पण जहाजे नऊच गेली. उरलेली सहा बंदरात धुके पडल्यामुळे थांबली, असे सांगण्यात आले. धुके डिसेंबर संपला तरी उठले नाही आणि मग त्या जहाजांचे नाव कोणी काढले नाही. त्या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी पोटात ती दोन बोटे रुतली असणार. तो कोण, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. एवढे मात्र कळले, की लुंकाच्या कोठाराला त्या हिवाळ्यात कोणी हात लावला नाही.

साबिनची रवानगी एका लहानशा गावातल्या शेतकी शाळेत गणित शिकवायला झाली. जानेवारीत तिथे स्तांका आली. आता पाठीत वाकलेली, खांद्यावर पिठाची पिशवी. तिने वेतुरियाला बाजूला सारून चूल गाठली, मामालिगा ढवळली, पाटावर उलटी केली आणि दोऱ्याने कापली. मोठा तुकडा साबिनपुढे सरकवला.

"धुकं बरं पडलं यंदा," ती म्हणाली.

"पडलं खरं."

"असंच पडत जावो." तिने दोरा गुंडाळून ठेवला. "जमिनीचं मी तुला माफ केलेलं नाही, साबिन. खा गरम आहे तोवर."

त्याने खाल्ले. या वेळी उजव्या हाताने.

पुढे वय झाल्यावर साबिन आणि वेतुरिया राजधानीतल्या एका उंच इमारतीत राहायला आले. ती थंडीची, अन्नासाठीच्या रांगांची वर्षे. घरातले रेडिएटर बर्फासारखे गार असत. साबिन कधीकधी त्याच्यावर तळवा ठेवी आणि वेतुरियाला म्हणे, "यावर आता मका वाळायचा नाही गं." अशाच एका हिवाळ्यात तो गेला. अंत्ययात्रेला पदकवाला कोणी आला नाही. दलदलीच्या शेतावरचे सात मजूर आले, सगळे म्हातारे. त्यांतल्या एकाने मला पाहिले आणि विचारले, "पट्टी कुठंय?"

वेतुरियाही गेली, घर रिकामे झाले, सामान वाटले गेले. मी वस्तुसंग्रहालयात आले, पोटात पुन्हा कोणी तरी कोंबलेल्या पेन्सिलींसह. आणि चिठ्ठी डकवली गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला पुसू नका. तळाचा कोंडा राहू द्या, तीच माझी ओळख आहे. मला फक्त माझी पट्टी हवी आहे. ती नसली तर मी खरोखरच डबा आहे, चिठ्ठी लिहिणाऱ्याचे काही चुकले नाही. आणि ती तशीच जुनी, तशीच ओकची हवी असेही नाही. कुठलीही सरळ पट्टी चालते. तुमच्या दप्तरातलीसुद्धा.

कोणी तुमच्यासमोर भरलेले माप आणून ठेवेल, वर शीग असेल, लाल फीत असेल, तो हसत असेल. तेव्हा पट्टी फिरवा. ते माप जरा गरम जागी ठेवा. तीन दिवस थांबा, लोक हसले तरी थांबा. मग वाकून आत बघा. जेवढी जागा रिकामी दिसेल, तेवढे कोणाच्या तरी ताटातून जाणार आहे. ते ताट कोणाचे, हे सही करण्याआधी विचारा.